शाळा आधी कागदावर बंद होते

"वहिनी, इथे सही करा. नुसती माहिती पाठवायची आहे वर."

केंद्रप्रमुखांनी कागद पुढे केला तेव्हा मी पडवीत तांदूळ निवडत होते. कागदावर वाडीतल्या पालकांची नावं आधीच टाइप केलेली होती आणि वर मथळा होता 'संमतीपत्र'. माहिती पाठवायला संमती कशाला लागते, एवढं माझ्या लक्षात आलं. बाकी काही कळलं नाही. मी म्हटलं, "मामंजींना विचारून सांगते." मामंजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पण बाईमाणसाने घरात विचारून सांगते म्हटलं की कोणी हटकत नाही, आणि मला दोन दिवस मिळाले. त्या कागदावर सही झाली असती तर आमची पहिली ते पाचवीची शाळा पुढच्या जूनमध्ये उघडली नसती.

तुमच्या वाडीवर, पाड्यावर, तांड्यावर असा कागद आला असेल किंवा येईल असं वाटत असेल, तर आम्ही काय केलं ते लिहिते. मी कोकणातली. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष म्हणून दोन मुदती काढल्या, शिक्षण बारावी. मोर्चाचं सांगणं शेवटी आहे. शाळा आधी कागदावर बंद होते, कुलूप नंतर लागतं. म्हणून लढाईही आधी कागदावर करायची असते.

शब्द ओळखायला शिका. 'शाळा बंद' असं कोणी लिहीत नाही. 'समायोजन' लिहितात, म्हणजे एका शाळेतली मुलं दुसऱ्या शाळेत घालायची; 'समूह शाळा' लिहितात, म्हणजे लहान शाळा मिळून एक मोठी करायची. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,300हून जास्त शाळांची यादी निघाली, तेव्हाही शब्द समायोजनच होता. सप्टेंबर 2023 मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 14,783 आणि त्यांतली मुलं 1,85,467, असा सरकारचाच आकडा होता. नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळचं आणि पुण्याच्या पानशेतचं नाव पुढे केलं गेलं. तिथल्या इमारती चांगल्या असतील. पण चांगल्या इमारतीपर्यंत सहा वर्षांची पोर जाणार कशी, हा आमचा प्रश्न होता.

दुसरी युक्ती शून्य पटाची. बदली झालेल्या गुरुजींच्या जागी कोणी येत नाही, शेजारच्या शाळेतले गुरुजी दोन दिवस येतात, दोन दिवस येत नाहीत. पालक कंटाळून दाखले काढतात. एकाने काढला की दुसरा काढतो. मग पट शून्य, आणि शून्य पटाची शाळा बंद केली तर कोण भांडणार? म्हणून वाडीच्या बैठकीत पहिला निर्णय हाच घ्या, की दाखला कोणी एकट्याने काढायचा नाही. काढायचाच असेल तर आधी बैठकीत सांगायचं. आमच्याकडे होळीच्या मांडावर नारळ ठेवून ठरवलं. नारळाला कायद्यात किंमत नाही, पण वाडीत आहे.

आता पट. हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, आणि सगळ्यांत कंटाळवाणाही.

शिक्षक किती द्यायचे हे ज्या संचमान्यतेने ठरतं, ती 30 सप्टेंबरच्या पटावर होते. वर्गात बसलेली मुलं आणि ऑनलाइन दिसणारी मुलं हे दोन वेगळे आकडे असतात. त्या वर्षी आमच्या वर्गात 20 मुलं होती, संगणकावर 18. दोन मुलांचं आधार जुळत नव्हतं. एकीच्या शाळेतल्या नोंदीत वडिलांचं नाव पूर्ण होतं आणि आधारवर नुसतं पहिलं अक्षर. दुसऱ्याची जन्मतारीखच वेगळी, कारण आधार काढणाऱ्याने मुंबईच्या शिबिरात सगळ्या भावंडांना 1 जून घातला होता. एवढ्यासाठी आमची शाळा विसाच्या खाली गेली. जुलैतच गुरुजींकडे बसा आणि म्हणा, स्क्रीनवरचा पट दाखवा. प्रत्येक मुलापुढे आधार जुळलंय की नाही ते बघा. नाही जुळलं तर त्या पोराला घेऊन तालुक्याला आधार केंद्रावर जा. एक दिवसाची मजुरी बुडते, रांग असते, कधी सर्व्हर बंद असतो आणि परत जावं लागतं. आम्ही एका टेम्पोत पाच मुलं आणि तीन आया भरून गेलो, येताना सगळ्यांना वडापाव दिला. त्या दिवसाचं भाडं समितीच्या खर्चात बसत नाही म्हणे. बसत नाही तर नाही.

त्याच वहीत पुढची तीन वर्षं मांडा. अंगणवाडी सेविकेकडे शून्य ते सहा वयाच्या मुलांची यादी असते. कोणतं मूल कोणत्या जूनमध्ये पहिलीत येईल ते नावानिशी लिहा. 'पट कमी होत आहे' असं साहेब म्हणाले तेव्हा मी वही उघडून सांगितलं, पुढच्या वर्षी पाचवीतून तिघं बाहेर जातात आणि पहिलीत चौघं येतात. साहेबांनी वही स्वतःच्या हातात घेऊन दोन पानं चाळली. मी तोंडी बोलले असते तर साहेब चहा पिऊन गेले असते.

मग अंतर. शिक्षण हक्क कायदा 2009चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 6 मध्ये सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणाने जवळची शाळा उभी करायची जबाबदारी आहे, आणि महाराष्ट्राच्या 2011च्या नियमांत जवळ म्हणजे किती ते दिलंय: पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. आमच्या प्रस्तावात पर्यायी शाळेचं अंतर 870 मीटर लिहिलं होतं. नकाशावर दोन ठिपके जोडून काढलेलं ते हवाई अंतर. कावळ्याला ठीक आहे.

आम्ही मोजलं. गवंड्याची 30 मीटरची टेप आणली, दोघं टेप धरायला, एक लिहायला, आणि सोबत पहिलीतली एक मुलगी, दप्तरासकट. शाळेच्या पायरीपासून त्या शाळेच्या पायरीपर्यंत टेप 71 वेळा पडली आणि वर दहा मीटर. म्हणजे 2,140 मीटर. मधे पऱ्ह्या, म्हणजे ओढा, त्यावर साकव, म्हणजे फळ्यांचा छोटा पूल, साकवाच्या तीन फळ्या गेलेल्या. मुलगी साकवाशी येऊन थांबली आणि खाली बसली. कोणी काही शिकवलं नव्हतं. जूनमधल्या त्या दिवशी पाणी फार नव्हतं, तरी तिला उचलून न्यावं लागलं. पूर्ण वाटेला 52 मिनिटं लागली. हे सगळं आम्ही जसंच्या तसं लिहिलं: तारीख, वेळ, कोण हजर होतं, साकवाच्या किती फळ्या तुटल्या. फोटो काढले. जुलैमध्ये पऱ्ह्या भरल्यावर त्याच जागी उभं राहून पुन्हा काढले. दोन्ही फोटो एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवले. माझ्या मते आमची शाळा त्या एका कागदाने वाचवली.

वाहतूक भत्ता देऊ, गाडी लावू असं सांगतील. नाही म्हणू नका, प्रश्न विचारा. गाडी वाडीत कुठपर्यंत येईल? पावसाळ्यात रस्ता खचला की? भत्ता कोणत्या महिन्यात मिळतो? शेजारच्या केंद्रातल्या पालकांना गेल्या वर्षीचा मिळाला का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहिती अधिकारात मागवा. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. प्रश्न 'का' ने सुरू करू नका, 'का' ला ते माहिती म्हणत नाहीत. 'प्रत द्यावी' असं लिहा: प्रस्तावाची प्रत, अंतर मोजल्याच्या अहवालाची प्रत, समितीच्या संमतीची प्रत. संमतीची प्रत मागितल्यावर आमच्याकडे कळलं की अशी संमती फाइलीत नव्हतीच.

समितीबद्दल दोन शब्द. बहुतेक गावांत ही समिती म्हणजे सह्यांचं रजिस्टर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. कलम 22 प्रमाणे शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा असतो. म्हणजे अधिकार आहे, वापरायची सवय नाही. महिन्याची बैठक घ्या, इतिवृत्त तिथल्या तिथे लिहून घ्या आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून मगच सह्या करा. कोऱ्या पानावर सही कधीच नाही, गुरुजी कितीही भले असोत. आणि गुरुजींना पुढे करू नका. त्यांना सेवेचे नियम आहेत, उद्या त्यांचीच बदली होईल. त्यांनी आकडे द्यावेत, बोलावं आपण.

समितीपेक्षा ग्रामसभेचा ठराव जड. पण ग्रामपंचायतीत एक वाडी नसते. आमच्या पंचायतीत सात वाड्या, आणि समूह शाळा जिथे होणार होती ती वाडी सरपंचांची. त्यांना नव्या इमारतीची हौस. आम्ही भांडलो नाही. आमच्या वाडीतल्या दोन जाणत्या माणसांनी त्यांच्या ओटीवर बसून हिशोब मांडला: आमची पोरं पाचवीनंतर तुमच्याच केंद्रशाळेत सहावी-सातवीला येतात. वाडीची शाळा गेली तर अर्धी घरं मुलांसाठी मुंबईला किंवा तालुक्याला खोली घेतील, मग सहावीला तुमच्याकडे येणार कोण? सरपंच गप्प झाले. ठरावाला विरोध केला नाही, एवढं पुरलं. ठराव असा लिहिला होता:

"विषय: वाडीतील जिल्हा परिषद प्राथमिक शाळा आहे त्याच ठिकाणी सुरू ठेवणेबाबत. सदर शाळेत 19 बालके शिकत आहेत. एक किलोमीटरच्या आत दुसरी प्राथमिक शाळा नाही. प्रस्तावित शाळेचे पायी अंतर 2,140 मीटर असून वाटेत पऱ्ह्या व नादुरुस्त साकव आहे. अंतर मोजल्याची नोंद व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सबब, सदर शाळेच्या समायोजनास ही ग्रामसभा संमती देत नाही. सूचक, अनुमोदक. ठराव सर्वानुमते मंजूर."

बस, एवढंच. सावित्रीबाई, महात्मा फुले, शाहू महाराज सगळे मनात असू द्या, ठरावात घालू नका. वाचणारा कारकून तेवढी ओळ सोडूनच पुढे जातो. आकडा असला की त्याला उत्तर द्यावं लागतं. तुमचं क्षेत्र पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, असेल तर पाड्याची स्वतःची ग्रामसभा जाहीर झालेली आहे का ते बघा. असेल तर सरपंचांच्या ओटीवर जाण्याचाही त्रास नाही.

ठराव हातात आला की तीन ठिकाणी द्या: गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी प्राथमिक, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि आवक क्रमांक. 'ठेवून जा, बघतो' म्हटलं की बाकावर बसून राहा. मी एकदा साडेतीन तास बसले, शेवटी शिपाईच म्हणाला, "अहो, मारा त्यांना शिक्का."

चाकरमान्यांना विसरू नका. कोकणातल्या वाडीची अर्धी ताकद मुंबईत असते. आमची मोठी बैठक गणपतीत झाली, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, कारण तेव्हाच सगळी घरं उघडी असतात. मुंबईच्या मंडळाने सभागृहासाठी जमवलेल्या पैशांतून संडास दुरुस्त झाला आणि नळ बसला. हे आधी झालं असतं तर बरं झालं असतं. कारण खरं बोलायचं तर आमच्या वाडीतली चार मुलं पिवळ्या व्हॅनमधून खासगी शाळेत जात होती आणि त्यांच्या आया चुकीच्या नव्हत्या. मुलीला दिवसभर संडासला जाता येत नसेल तर कुठली आई ऐकेल? शाळा वाचवायची म्हणजे शाळेतलं खोटं झाकायचं नाही. आम्ही त्या चार घरी गेलो, काय हवं ते विचारलं. उत्तरं आली: संडास, इंग्रजी, आणि 'बाई रोज येतात का'. समितीने सेमी इंग्रजीचा ठराव केला. दोन मुलं परत आली, दोन नाही आली. त्यांच्याशी आम्ही बोलणं सोडलेलं नाही.

पुण्याच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या शाळेत एका वेळी तीनच मुलं उरली होती. वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी ती इतकी भरवली की 2025 मध्ये तिचं नाव जगभरच्या शाळांच्या स्पर्धेत गाजलं. प्रत्येक वाडीला असे गुरुजी मिळत नाहीत हे मला माहीत आहे. पण तीनचा पट म्हणजे शेवट नव्हे, हे साहेबांसमोर सांगायला ते उदाहरण फार उपयोगी पडतं.

आता पैशांचा दुसरा रस्ता. बैठकीत कोणी ना कोणी उठून म्हणतंच: "सरकार एवढा खर्च करतं, त्यापेक्षा पैसे पालकांच्या हातात द्या, आम्ही शाळा निवडू." यालाच व्हाउचर म्हणतात. ऐकायला गोड लागतं. मी उलट विचारते, आपल्या वाडीपासून सर्वांत जवळची खासगी शाळा किती लांब? आमच्याकडे 14 किलोमीटर. कूपन हातात असेल, शाळा नसेल. संस्थाचालक 19 मुलांसाठी डोंगरात इमारत बांधायला येणार नाही, तो बाजारपेठेत बांधतो. म्हणजे पैसा वाडीतून उठून बाजारपेठेत जाणार. चिलीमध्ये 1981 पासून असं कूपन आहे. तिथे सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं घटत गेली आणि शेवटी विद्यार्थ्यांनाच रस्त्यावर उतरावं लागलं.

इथे आपल्याच लोकांचा गोंधळ होतो म्हणून थोडं थांबते. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागा, कायद्याचं कलम 12, हे व्हाउचर आहे का? पैसे सरकार भरतं हे खरं. पण त्या कलमाने सरकारची कलम 6ची जबाबदारी सुटत नाही, आणि हेतू श्रीमंत-गरीब मुलं एका बाकावर बसावीत हा आहे. मी त्याच्या विरोधात नाही. 9 फेब्रुवारी 2024 ला सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. आमच्यातले काही जण खूष झाले, आता मुलं आपल्याकडे येतील म्हणून. मला ते पटलं नाही. गरिबाचा रस्ता अडवून भरलेला पट कसला? उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला तो बदल रद्द केला, ते बरंच झालं. आदिवासी विभागाची नामांकित शाळांची योजना मात्र मला व्हाउचरच्या जास्त जवळची वाटते. मूल पाड्यावरून उचलून शहरातल्या खासगी निवासी शाळेत, फी सरकारची. एकेका मुलाचं भलं होत असेल, पण पाड्यावरच्या शाळेचा पट त्या मुलाबरोबर बसमध्ये बसून जातो. तुमच्याकडे असे फॉर्म वाटले जात असतील तर अडवू नका, मोजा. वहीत लिहा: या वर्षी किती गेली, किती परत आली, का आली.

आणि आदेश आलाच तर? आधी आदेशाची लेखी प्रत मागा. तोंडी आदेशावर दप्तर हलवू देऊ नका. हजेरीपट, जनरल रजिस्टर, डेड स्टॉक रजिस्टर यांचे मोबाइलवर पानानिहाय फोटो काढा. यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, लिहून ठेवा, तो रद्द झालाय की गोठवलाय ते विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि त्यावर अपील बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तक्रारीची पोच हातात आल्यावरच रस्त्यावर उतरा. इगतपुरीच्या दरेवाडीत 2022 मध्ये शाळा बंद झाली तेव्हा मुलं शेळ्या घेऊन थेट नाशिकला जिल्हा परिषदेवर निघाली: दप्तर घ्या, बकऱ्या द्या. शाळा पुन्हा सुरू झाली. मला त्यातली घोषणा आवडते, कारण ती मुलांच्या रोजच्या आयुष्यातून आली होती. मोर्चा काढाल तर घोषणा तुमच्या वाडीची असू द्या, पाठ केलेली नको. मुलांना उन्हात किती वेळ उभं करायचं तेही आधी ठरवा, पाणी आणि पोळी-भाजी सोबत घ्या.

आमच्यावर ती वेळ आली नाही. ठराव दिल्यानंतर अकरा महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: सद्यःस्थितीत प्रस्ताव विचाराधीन नाही. 'सद्यःस्थितीत' या शब्दाखाली मी लाल पेनाने रेघ ओढून ठेवली आहे. यंदाचा पट 17. माझी धाकटी पाचवीतून बाहेर पडली, त्यामुळे अध्यक्षपद आता दुसऱ्या एका आईकडे आहे. तिला वही दिली आहे, टेपही तिच्याच घरी आहे. अंगणवाडीच्या यादीत पुढच्या जूनसाठी पाच नावं आहेत. त्यांतल्या एकाचं आधार अजून निघालेलं नाही, आणि त्याचे आईबाप गणपतीला येणार आहेत.